सतरा नंबरचं धुराडं

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रेडिओवर घरखात्याचा आकडा सांगतात. सरलेल्या सालात देशभर इतकी घरं बांधून दिली, इतक्या गावांत कामं चालू आहेत, येत्या सालात इतकी देणार. बातमी अर्ध्या मिनिटाची. तिच्या मागोमाग लोकरीचे आणि गुरांचे भाव येतात, आणि पासो ताला गावातले लोक कान देतात ते त्या भावांना. सुल्मा मात्र आकड्यासाठी थांबते. माते नावाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा हातात तसाच धरून, नळी ओठांपासून बाजूला करून ती ऐकते. आकडा सांगून झाला की तिला आपलं साल आठवतं, ज्या सालाच्या आकड्यात त्यांची बावीस घरं होती.

त्याला आता तेहतीस वर्षं झाली. ते दिवस वाईट होते असं कुणी म्हटलं तर सुल्मा अजूनही भांडायला उठेल. हाताला भेगा पडल्या, सिमेंटनं नखं खाल्ली, सगळं खरं. पण तेवढं हसणं तिच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. आणि तेवढी शरमही नाही.

तेव्हा पासो ताला म्हणजे रेल्वेचा बंद पडलेला थांबा, एक दुकान, एक शाळा आणि बाकी नुसतं गवत. माणसं होती, पण विखुरलेली. कुणी मालकाच्या कुरणावर गोदामात, कुणी ओढ्याकाठी मातीच्या खोपटात. सुल्मा आणि तिचा नवरा आदेमार मेंढ्या कातरायच्या शेडला लागून असलेल्या खोलीत राहायचे. ती कुरणावरच्या गड्यांचा स्वयंपाक करायची. ऑक्टोबरात कातरणीचा हंगाम सुरू झाला की ती खोली बाहेरून येणाऱ्या टोळीला लागायची, मग यांचा पलंग खोगिरांच्या खोलीत. आदेमार स्वतः कातरणारा, पण त्याची टोळी लांब उत्तरेला जायची. तो डिसेंबरात परत यायचा तेव्हा बायकोच्या अंगाला घोड्याच्या घामाचा वास आणि नवऱ्याच्या अंगाला मेंढीचा. दोघं त्यावरून एकमेकांना चिडवायची.

खात्यानं गावालगतची जमीन घेतली आणि बावीस घरं मंजूर केली, तेव्हा योजनेच्या बाई राजधानी मोंतेविदेओहून आल्या. शाळेत सगळ्यांना बसवून त्यांनी नियम वाचून दाखवले. विटा, सिमेंट, पत्रे खात्याचे. शिकवायला खात्याचा एक मिस्त्री. बांधायचं मात्र लोकांनी, प्रत्येक कुटुंबानं महिन्याचे ठरलेले तास भरून. आणि कुठलं घर कुणाचं, हे घरं पूर्ण झाल्यावर सोडतीत ठरणार.

"म्हंजे मी भिंत बांधायची आन् आत दुसरंच कोन झोपनार?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही झोपाल ती भिंत दुसऱ्या कुणी बांधलेली असेल. म्हणून सगळ्या चांगल्या बांधा." मग त्यांनी शेवटचं कलम वाचलं. जाणूनबुजून काम बिघडवणाऱ्याचं घर खातं परत घेईल. त्यावर लोक हसले. कोण कशाला बिघडवेल?

पुरुष दिवसभर कुरणांवर, त्यामुळे भिंती उभारल्या त्या बहुतेक बायकांनी. एल्बियो मिस्त्री हा ढेरपोट्या, कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यानं सुल्माच्या हातात थापी दिली आणि म्हणाला, "भाकरीचं पीठ मळतीस नव्हं? मंग शिमिटाचा माल कसा असावा त्ये तुला कळतंय. पानी कमी." तिला खरंच कळलं. विटेचा थर कसा बसतो, ओळंबा कुठं धरायचा, हे ती आठ दिवसांत शिकली. धुराडं बांधायचं काम सगळ्यात अवघड. खोलीला ऊब देणारी चूल भिंतीतच असते, तिच्या वर जिथं धूर गोळा होतो तिथं एक निमुळता गळा असतो. तो रुंद झाला तर ऊब पळते आणि अरुंद झाला तर धूर घरात येतो. तो गळा मिस्त्रीनं दोनदा दाखवला आणि तिसऱ्या घरापासून सुल्मावर सोपवला. बांधून झालं की मिस्त्री वरून दोरीला बांधलेली दगडाची पोतडी सोडायचा. ती खाली चुलीत येऊन पडली की धुराडं पास. सुल्माच्या धुराड्यात पोतडी कधी अडकली नाही.

दोरी धरायला असायचे ब्राउलियोबाबा. वय एकाहत्तर. पन्नास वर्षं त्यांनी कुरणांना तारेची कुंपणं घालण्यात काढली होती, म्हणजे पन्नास वर्षं तंबूत आणि उघड्यावर. बायको केली नाही, कारण बायकोला नेणार कुठं? विटा उचलणं त्यांना झेपायचं नाही. पण सुतळी ताणून सरळ रेघ धरावी तर त्यांनीच. एक डोळा मिटून ते रेघ बघायचे आणि बोटभर चूकही सोडायचे नाहीत.

"तार काय आन् थर काय, एकच गोष्ट," ते म्हणायचे. "मधी कुटं ढील पडली की शेवटाला दिसतीच."

दोन्ही डोळे त्यांचे कायम लाल, पाणी गळणारे. उघड्यावर चूल, वारा कुठून येईल त्याचा नेम नाही, पन्नास वर्षांचा धूर त्या डोळ्यांत गेलेला. एकदा दुपारी भोपळा हातोहात फिरत होता तेव्हा निल्दानं विचारलं, "बाबा, तुमाला घरात पयलं काय पायजे? पलंग का कपाट?"

बाबांनी भोपळा पुढं दिला. "धूर वर चाललाय आन् मी खाली बसलोय, असं येकदा बघायचं हाय," ते म्हणाले. "डोळं न पुसता."

बायका हसल्या. सुल्माही हसली, पण ते वाक्य तिच्या मनात बसलं. सतरा नंबरच्या घरात ती पुढं जे करून बसली, तेव्हा नेमकं तेच आठवलं नाही याचं तिला अजून नवल वाटतं.

ही निल्दा म्हणजे कुरणावरच्या कारभाऱ्याची बायको. खोली कुणाला द्यायची, खोगिरांच्या खोलीत कुणाला ढकलायचं, हे तिचा नवरा ठरवायचा. काम ती सगळ्यांइतकंच करायची, खोटं कशाला बोला. दोन घमेली एकदम उचलायची. पण तोंड फार तिखट होतं. सप्टेंबरात इंजिनियर पाहणीला आला, कारभाऱ्याकडे भाजलेलं कोकरू जेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून निल्दा सतरा नंबरला "माझं" म्हणू लागली. सतरा नंबर सगळ्यांत चांगलं. एका ओळीच्या टोकाला, दक्षिणेला निलगिरीची दाट रांग, त्यामुळे तिकडून येणारं थंडीचं बोचरं वारं अडायचं, आणि समोर ओढा.

"सोडत हाय की," सुल्मा म्हणाली.

"हाय की सोडत," निल्दा म्हणाली. "चिठ्ठ्या कोन लिवतंय?"

नोव्हेंबरात खात्याकडून घाई सुरू झाली. बाईंची गाडी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. सालाचा आकडा जाहीर व्हायचा होता आणि ही बावीस घरं एकतीस डिसेंबरच्या आत ताब्यात दिली तरच त्यात धरणार होते. बाई बिचाऱ्या स्वतः घमेलं उचलू लागल्या. आदेमार उत्तरेला, मुलगी शाळेत, आणि सुल्मा पहाटे गड्यांचा नाश्ता करून कामावर यायची, दुपारी जेवण रांधायला पळायची, पुन्हा कामावर. मनगट सुजलं होतं. एकटीनं दोघांचे तास भरणं म्हणजे काय ते तिचं तिला माहीत.

त्या दिवशी ती सतरामध्ये एकटीच होती. परांचीवर उभी राहून धुराड्याचा गळा बांधत होती. निल्दा आली, बरोबर दुकानदाराची बायको आणि आणखी दोघीतिघी. निल्दाच्या हातात मेलो शहरातून आणलेलं कापड. पिवळ्या फुलांचं, जाडसर, सुरेख. ती खिडकीचं माप घेऊ लागली.

सुल्मा खाली उतरली. असं कापड तिनं कधी विकत घेतलं नव्हतं, कारण खिडकीच नव्हती. तिनं एका टोकाला हात लावला.

निल्दानं कापड हिसकून घेतलं. "हात धू आदी," ती म्हणाली. "सतराचा पडदा हाय ह्यो, खोगिराचं फडकं न्हाई."

सगळ्या हसल्या. मुद्दाम नसेल, पण हसल्या. सुल्मानं आपल्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत सिमेंट, भेगांत वाळू. निल्दाचं म्हणायचं ते धुराडं याच हातांनी बांधलं जात होतं. त्या गेल्या, आणि ती परत परांचीवर चढली. पायाशी एक अर्धी वीट पडली होती. ती उचलून तिनं गळ्यात आडवी बसवली, वर घमेलंभर माल थापला. वाट दोन बोटांची उरली. मग त्यावर पुढचे थर चढवले, नेहमीसारखे, ओळंब्यात. एवढं सरळ काम तिनं आधी केलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी मिस्त्री आला. तो दिवसभर इंजिनियरबरोबर गेटवर अडकला होता.

"सतराचं झालं?"

"झालं."

"पोतडी सोडलीस?"

"सोडली," सुल्मा म्हणाली.

त्यानं फळ्यावर सतरापुढं खूण केली. चुलीत वाकून वर बघितलंही नाही. "तुजं काय बगायचं," तो म्हणाला आणि गेला. तिला त्याच क्षणी हाक मारावीशी वाटली, हे ती आजही शपथेवर सांगेल. पण निल्दाच्या घरात पहिल्या थंडीला धूर भरेल आणि ती ठसकत, डोळे पुसत अंगणात येईल, या विचाराची गोडी इतकी होती की तिनं हाक मारली नाही.

अठ्ठावीस डिसेंबरला सोडत झाली. तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, थंडी येते ती मे महिन्यात; उन्हाचा कडाका, डोक्यावर पत्र्याचा मांडव, मेलोहून आलेला बँड. चिठ्ठ्या बाईंनी स्वतः सगळ्यांसमोर लिहिल्या, घड्या करून दुधाच्या किटलीत टाकल्या, आणि किटली शाळेतल्या सर्वांत लहान मुलीच्या हातात दिली. त्यात काही काळंबेरं नव्हतं. इंजिनियर जेवला होता तो नुसताच जेवला होता.

निल्दाला तीन नंबर आलं, रस्त्याकडेचं, जिथं लाकडाचे ट्रक धूळ उडवत जातात. ती हसली, पण हातातली चिठ्ठी तिनं घामात भिजेस्तोवर चुरगळली. सुल्माला आठ. आदेमारनं तिला सगळ्यांदेखत उचललं, आणि तिला क्षणभर काहीच आठवलं नाही. मग ब्राउलियोबाबांची पाळी आली. चष्मा नव्हता. चिठ्ठी उघडून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुल्मापुढं धरली.

"वाच गं, सुल्मे. काय हाय?"

तिनं वाचलं. आकडा सरळ दिसत होता तरी तिनं दोनदा वाचला.

"सतरा," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनाच बरं वाटलं. म्हातारबांनी किल्ली घेतली, उन्हातून सरळ घरात गेले, आणि भर उन्हाळ्यात रिकाम्या चुलीपुढं स्टूल टाकून बसले. दारातून ते दिसत होते. बाईंनी तो फोटो काढला. पुढं तो खात्याच्या वार्षिक पुस्तकात छापून आला, बावीस घरांच्या आकड्याशेजारी.

उन्हाळ्यात ही उबेची चूल कुणी पेटवत नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सुल्मानं आपल्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला आतून कडी घातली आणि उगाच दहादा काढून घातली. मुलगी खिडकीत बसून अभ्यास करायची. रात्री आदेमार म्हणायचा, "खोगिराचा वास कुटं गेला गं?" इतकं सुख, आणि त्याच्या मधोमध अर्धी वीट.

ती बाबांकडे जेवण पाठवू लागली. त्यांचे टोमॅटो शिंपू लागली. अंगण झाडू लागली.

"तू माजी कोन लागतीस गं येवडं कराया?" बाबा विचारायचे.

"कोन न्हाई. शेजारीन."

"आट नंबर कुटं आन् सतरा कुटं. शेजारीन म्हनं."

वीट गुपचूप काढायची तर चुलीवरची भिंत फोडायला हवी, आणि बाबा घर सोडून दुकानापर्यंतही जात नव्हते. ते स्वतःच्या घराची राखण करत बसल्यासारखे बसायचे. एप्रिल उजाडला तसे ते निलगिरीच्या फांद्या तोडून चुलीशेजारी रचू लागले. वीत-वीत लांबीचे एकसारखे तुकडे, कुंपणाच्या खांबांसारखे सरळ. पहिलं हिंव पडेल त्या दिवशी पेटवायची, असा त्यांचा बेत. गावालाही जेवायला बोलावलं होतं.

सुल्मानं आदेमारला सांगितलं. तो पलंगावर उठून बसला.

"कुनाला बोललीस?"

"न्हाई."

"मंग बोलू नगस. चुली काय, धूर सोडत्यातच. म्हातारा म्हनंल वाऱ्यामुळं आसंल." मग तो म्हणाला, "कलम आठवतंय का तुला? घर घेत्याल. पोरीला घिऊन कुटं जायाचं, परत खोगिरात?"

तो वाईट बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि तीही. तिनं दिवा मालवला. पण बाबांचा लाल डोळा तिला अंधारातही दिसत राहिला.

मेच्या दुसऱ्या रविवारी हिंव पडलं. सकाळी उठली तर गवत पांढरं, बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. तिनं शाल घेतली. आदेमार दारात उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, आणि मग बाजूला झाला. त्याबद्दल ती त्याला जन्मभर चांगलं म्हणत आली.

बाबा चुलीपुढं गुडघ्यावर बसले होते. लाकडं रचून झाली होती, खाली कोरडं गवत, हातात काडेपेटी. नवा शर्ट घातला होता.

"बरी आलीस," ते म्हणाले. "बस. तुज्यादेखत पेटवतो."

"पेटवू नगा," सुल्मा म्हणाली.

ते थांबले.

"गळ्यात अर्धी वीट हाय, बाबा. म्या बसवलीया. निल्दाला घर येनार आसं वाटलं व्हतं, म्हनून. पोतडीबी सोडली न्हवती. मिस्त्रीला खोटं सांगितलं."

एका दमात बोलली. ती दाराच्या चौकटीला टेकली. बाबांनी काडेपेटी खिशात ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, वर धुराड्याकडे बघितलं. बाहेर कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.

"कितव्या थराला?" त्यांनी विचारलं.

"चुलीच्या वर सातवा."

ते उठले. गुडघे धरून उठले, कोपऱ्यातून हातोडा आणि छिन्नी आणली आणि तिच्या हातात दिली.

"काड मंग," ते म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं रचलेली लाकडं बाजूला केली आणि भिंत फोडायला सुरुवात केली. स्वतःचीच भिंत, स्वतःचाच चांगला माल, तो सुटता सुटेना. बाबा शेजारी उभे राहून निघेल ती वीट पुसून बाजूला रचत होते. रविवारची सकाळ, गावात शांतता, हातोड्याचा आवाज बाविसाव्या घरापर्यंत गेला असणार. थोड्या वेळानं दारात सावली पडली. निल्दा.

"काय चाललंय? पेटवायच्या दिवशी फोडताय कशाला?"

"मला गळा बारीक वाटला," बाबा म्हणाले. "हौस माजी. तिला म्हनलं, वाईच रुंद कर."

"म्हातारं चळलं," निल्दा म्हणाली आणि आत आली. त्याच वेळी सुल्माचा हात भोकात होता, आणि हातात ती अर्धी वीट सुटून आली. आडवी बसवलेली, वर थापलेल्या मालासकट. लपवायला जागा नव्हती. तिनं ती जमिनीवर ठेवली.

निल्दानं विटेकडे बघितलं. मग भोकाकडे, मग सुल्माच्या हातांकडे. दोन घमेली एकदम उचलणारी बाई होती ती. गळा कसा असतो ते तिला शिकवायची गरज नव्हती.

"ह्ये घर माजं व्हनार व्हतं," ती हळू म्हणाली.

"व्हय," सुल्मा म्हणाली.

निल्दाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती वळून निघून गेली. जाताना तिची पाठ वाकलेली दिसली, आणि सुल्माला पहिल्यांदाच सुचलं की या बाईला तरी आजवर स्वतःचं घर कुठं होतं. कारभाऱ्याचं घरही मालकाचंच. नवरा म्हातारा झाला की त्यांनाही बाहेरच जायचं होतं. एवढी साधी गोष्ट तिला कुरणावर आठ वर्षं शेजारी राहून कळली नव्हती.

दुपारपर्यंत गळा मोकळा झाला. बाबांनी सुतळी धरली, तिनं थर पुन्हा चढवले. माल वाळायला पंधरा दिवस तरी हवे. जेवायला आलेल्या लोकांना बाबा दारातूनच सांगत होते, "हौस आली म्हाताऱ्याला. फुडच्याच्या फुडल्या रयवारी या." लोक त्यांना हसले, येडं म्हातारं म्हणाले, आणि ते ऐकून घेत राहिले. सुल्मा आत भिंतीकडे तोंड करून माल पुसत होती. तिचं रडणं कुणाला दिसलं नाही, बाबांशिवाय.

पंधरा दिवस ती खात्याच्या गाडीची वाट बघत राहिली. निल्दा एक शब्द बोलली तरी पुरे होतं. गाडीचा आवाज आला की मुलगी काय करतेय ते ती आधी बघायची. एक गाडी आली, ती मेंढ्यांच्या डॉक्टरची होती.

मग तो रविवार आला. हिंव जास्तच जाड पडलं होतं. अंगणात कोकरू भाजायला लावलं होतं, बायका चरबीत पुऱ्या तळत होत्या, मिस्त्रीही पुढच्या गावाच्या कामावरून आला होता. त्यानं आल्या आल्या चुलीत डोकं घातलं, नवे थर बघितले, सुल्माकडे बघितलं. खिशातून सुतळी काढली, पोतडी बांधली आणि छपरावर चढला. पोतडी सरळ खाली आली आणि चुलीत आपटली. खाली उतरल्यावर तो तिला एवढंच म्हणाला, "आता दर येळेला मीच सोडनार." तेवढं तिला बरोबर वाटलं.

सगळ्यांत शेवटी निल्दा आली. काखेत कापडाची घडी. पिवळ्या फुलांचं. तीन नंबरच्या खिडक्या लहान, हे माप तिथं बसत नव्हतं.

"बाबा, तुमची खिडकी उघडी बरी दिसत न्हाई," ती म्हणाली. मग तिनं घडी उलगडली आणि सुल्माकडे वळली.

"हात धुतलेस का?" निल्दानं विचारलं.

सुल्मानं हात पुढं करून दाखवले. भेगा तशाच होत्या, पण स्वच्छ.

"मंग धर त्ये टोक," निल्दा म्हणाली.

दोघींनी पडदा लावला. तिकडे बाबांनी काडी ओढली. गवत पेटलं, मग काटक्या, मग निलगिरीची लाकडं तडतडायला लागली. धूर चुलीच्या तोंडाशी एकदा घोटाळला, आणि मग तो वर खेचला गेला. खोलीत नुसता निलगिरीचा वास. सगळे म्हणाले, बसा बाबा, आता बसा. पण ते बसले नाहीत. पन्नास वर्षांची सवय म्हणा, किंवा विश्वास बसेना म्हणा, ते तसेच बाहेर गेले. अंगणात, पांढऱ्या गवतावर, मान वर करून उभे राहिले. वारा नव्हता. धूर सरळ वर चालला होता, त्यांनी धरलेल्या सुतळीसारखा. ते खूप वेळ बघत राहिले आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत.

नऊ हिवाळे ते त्या चुलीपुढं बसले. ती अर्धी वीट त्यांनी किटली टेकवायला ठेवली होती. ते गेल्यावर ती सुल्माकडे आली आणि अजून तिच्या चुलीपाशी आहे. मिस्त्रीनं पुढं तिला खात्याच्या दुसऱ्या कामांवर बोलावलं. अकरा वर्षं ती गावोगावच्या बायकांना धुराड्याचा गळा शिकवत फिरली. बांधून झालं की पोतडीवर तिचा भरवसा नसायचा. ती खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपून बघायची, मगच खूण करायला सांगायची. रेडिओवरच्या त्या वर्षांच्या आकड्यांत तिचा हात किती घरांत गेलेला आहे, ते कुणी सांगत नाही.

आताशा जानेवारीत आकडा ऐकायला निल्दाही तीन नंबरवरून काठी टेकत येते. तिला ऐकू कमी येतं.

"किती म्हनला?" ती विचारते.

सुल्मा मोठ्यानं सांगते.

"लई झाली की." निल्दा मान हलवते. "आन् धूर समद्यांचा वर जातोय का, त्ये न्हाई सांगत?"

"त्ये मे म्हैन्यात कळंल," सुल्मा म्हणते, आणि हात धुऊन तिच्यासाठी भोपळा भरायला घेते.